आजार नोकरीतला की नोकरीमुळे?

देवळी तालुक्याला लष्कर नवे नाही. तालुक्यातल्याच पुलगावला देशातील सर्वात मोठे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून अधिक माणसे गेली. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. अशा घटनेत कोणी जखमी झाला, तर ती इजा कामामुळे झाली की नाही, असा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण सर्वांसमोर असते.

आजाराचे तसे नसते. सतरा-वीस वर्षे फौजेत काढून जवान चाळिशीच्या आगेमागे देवळी, भिडी किंवा पुलगावला घरी परततो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांत कधी उच्च रक्तदाब असतो, कधी मधुमेह, कधी कमी झालेली श्रवणशक्ती, तर कधी एखाद-दुसरा फिटचा झटका. भरती होताना तो धडधाकट होता. धावणे, छाती, डोळे, कान सगळे तपासूनच त्याला घेतले होते. तरीही अपंगत्व पेन्शनच्या अर्जावर उत्तर येते ते नकाराचे: आजार ‘लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही’. इंग्रजीतील चार आद्याक्षरांवरून फौजेत या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. या एका शेऱ्याने आयुष्यभराचा हक्क जातो. हा शेरा कारकून मारत नाही. तो डॉक्टरांचा असतो. त्यामुळे या नकाराविरुद्धचे अपील कायद्याइतकेच वैद्यकशास्त्राचेही असते.

नकार नेमका कशाला?

अपंगत्व पेन्शन मिळण्यासाठी साधारणपणे दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान २० टक्के असले पाहिजे, आणि ते लष्करी सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे बळावलेले असले पाहिजे. निवृत्तीपूर्वी लष्करी डॉक्टरांचे मेडिकल बोर्ड जवानाची तपासणी करून या दोन्ही बाबींवर मत देते. टक्केवारीवरून वाद होतात, पण ते तुलनेने कमी. खरा वाद दुसऱ्या अटीवर होतो.

रक्कम किती असते, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. सप्टेंबर २०२३ पूर्वी निवृत्त झालेल्यांना लागू असलेल्या पद्धतीत १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि अपंगत्व कमी असेल त्या प्रमाणात ती घटते. शेवटचे वेतन ४०,००० रुपये असलेल्या जवानाला १०० टक्क्यांसाठी महिना १२,००० आणि ३० टक्क्यांसाठी ३,६०० रुपये होतात. मात्र ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याची सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात ती मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू असल्याचे मान्य केले. म्हणजे त्याच जवानाचे ३,६०० चे ६,००० होतात. त्यावर महागाई भत्ता वेगळा. सोयाबीन आणि कपाशीच्या भावावर घर चालणाऱ्या तालुक्यात दरमहा हमखास येणारी ही रक्कम औषधांचा, पोरांच्या शिक्षणाचा खर्च भागवणारी असते.

डॉक्टरला काय सांगता येते आणि काय नाही

मेडिकल बोर्डाच्या नकारात काही शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. आजार ‘प्रकृतीजन्य’ आहे, ‘आनुवंशिक’ आहे, किंवा ‘शांतता क्षेत्रातील नेमणुकीत’ सुरू झाला आहे. हे शब्द शास्त्रीय वाटतात. पण त्यांच्या मागे शास्त्र किती आहे, हे तपासायला हवे.

उच्च रक्तदाबाचे पाहा. बहुसंख्य रुग्णांत, साधारण दहापैकी नऊ जणांत, त्यामागे मूत्रपिंडाचा किंवा ग्रंथींचा असा एक ठरावीक विकार सापडत नाही. अशा रक्तदाबाला वैद्यकशास्त्र ‘प्राथमिक’ म्हणते. त्यात घराण्याचा वाटा असतो. वय, वजन, मीठ, अपुरी झोप आणि दीर्घकाळचा ताण यांचाही असतो. ‘प्राथमिक’ याचा अर्थ एकच एक कारण दाखवता येत नाही, इतकाच. नोकरीचा त्यात हात नाही, असा निष्कर्ष त्या शब्दातून निघत नाही. अपस्माराचे, म्हणजे फिटच्या आजाराचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सुमारे निम्म्या रुग्णांत त्याचे कारण कळत नाही. कारण कळत नाही, असे म्हणणे आणि कारण नोकरीबाहेरचे आहे, असे म्हणणे, ही दोन वेगवेगळी विधाने आहेत. नकाराच्या कागदावर पहिल्या विधानाचे दुसरे झालेले असते.

याच्या मुळाशी वैद्यकशास्त्राची एक मर्यादा आहे. खर्रा खाणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असते, हे हजारो लोकांच्या अभ्यासावरून ठामपणे सांगता येते. पण खर्रा न खाणाऱ्यालाही तो कर्करोग कधी कधी होतोच. त्यामुळे समोर बसलेल्या एका रुग्णाचा कर्करोग शंभर टक्के खर्ऱ्यामुळेच झाला, हे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. समूहाबद्दल खात्री आणि व्यक्तीबद्दल शक्यता, असे हे गणित आहे. जवानाच्या रक्तदाबाचेही तेच. बर्फाळ चौकीवरची वर्षे, रात्रपाळीचे पहारे, घरापासूनची ताटातूट यांचा शरीरावर परिणाम होतो हे माहीत आहे. या जवानाच्या रक्तदाबात त्यांचा वाटा किती, हे मोजणारे यंत्र मात्र नाही.

काही आजारांत पुरावा अधिक बोलका असतो. तोफा आणि बंदुकांच्या आवाजाने कानाला इजा झाली, तर श्रवणचाचणीच्या आलेखात साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात असा खड्डा सहसा नसतो. तिथे उंच स्वर हळूहळू आणि सलग उतरत जातात. म्हणून सेवेत असताना वेळोवेळी केलेल्या श्रवणचाचण्यांचे आलेख हा अपिलातला भक्कम पुरावा ठरू शकतो. उंच बर्फाळ प्रदेशात विरळ हवेमुळे रक्त घट्ट होते. तिथल्या नेमणुकीत रक्ताची गुठळी झाली असेल, तर नेमणुकीच्या तारखा आणि आजाराची तारीख शेजारी ठेवली की संबंध दिसतो.

‘बळावणे’ हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. वडिलांना मधुमेह होता म्हणून मुलालाही झाला, असे बोर्डाने म्हटले तरी प्रश्न संपत नाही. आजाराचे बी घरचे असेल, पण त्याला खतपाणी नोकरीने घातले का, हे पाहणे नियमानेच बंधनकारक आहे. घराण्यात आजार असल्याची नोंद ‘झालेला’ या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर देते. ‘बळावलेला’ हा उरलेला अर्धा प्रश्न तसाच राहतो, आणि अनेक नकारांत त्याला उत्तरच दिलेले नसते.

शंका असेल तर ती कोणाच्या पदरात?

शास्त्राला जिथे खात्री देता येत नाही, तिथे शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, हे समाजाला ठरवावे लागते. भारतात ते १९८२ च्या नियमांनी ठरवले होते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत झाल्याचे मानले जाईल, हक्क सिद्ध करण्याचे ओझे जवानावर टाकले जाणार नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळेल, असे ते नियम सांगत. आजार भरतीच्या वेळी दिसू शकत नव्हता, असे डॉक्टरांचे म्हणणे असेल, तर त्यांनी त्याची कारणे लिहावीत, हेही त्यात होते.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात याच नियमांवर बोट ठेवले. सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेल्या या जवानाला नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिटच्या आजारामुळे घरी पाठवण्यात आले होते. अपंगत्व २० टक्के, आजार ‘प्रकृतीजन्य’, आणि म्हणून पेन्शन नाही, असा निर्णय होता. भरतीच्या वेळी नोंद नाही आणि बोर्डाने कारणेही दिलेली नाहीत, तेव्हा आजार सेवेमुळे झाला असेच मानले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. आज देशभरातील बहुतेक अपिले याच निकालाच्या आधारावर उभी राहतात.

सरकारची बाजूही निराधार नाही. भरतीच्या तपासणीत सगळे काही दिसत नाही, हे खरेच आहे. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार ऐन तारुण्यात डोके वर काढतो आणि भरतीचे वयही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, केवळ भरतीच्या वेळी नोंद नव्हती एवढ्यावर मानसिक आजारासाठी पेन्शन मागता येणार नाही, असे म्हटले. २००८ च्या नियमांत सरकारने भूमिका बदलली. आजार सेवेत उघड झाला म्हणजे तो सेवेमुळेच झाला, असे होत नाही, असे त्यात आले. दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिरेकामुळे आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, हेही नियमात आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम लागू झाले. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, अपंगत्व पेन्शनसह निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांच्या जवळपास दुप्पट असल्याचे दिसले होते. रक्तदाब आणि मधुमेहासारख्या जीवनशैलीच्या आजारांवर पेन्शन सरसकट द्यावी का, ही चर्चा तिथून तापली.

मात्र ही आकडेवारी दुसरेही काही सुचवते. चौकीवर उभा राहणारा जवान असतो आणि पेन्शनमध्ये प्रमाण अधिक ते अधिकाऱ्यांचे. निवृत्तीच्या वेळचे वाढलेले वय हे त्याचे एक कारण असेल. कागद कसा लिहावा आणि कुठे दाद मागावी याची माहिती, हेही एक असू शकते. नियम कडक केले की त्याचा पहिला फटका ज्याला ही माहिती नाही त्याला बसतो.

न्यायालयांचा अलीकडचा कल एका मुद्द्यावर स्थिर आहे: नकार द्यायचा तर कारण द्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या एका प्रकरणात सांगितले, की आजार शांतता क्षेत्रात आढळला एवढ्यावरून तो सेवेशी संबंधित नाही असे ठरत नाही. बोर्डाने ते कारणांसह दाखवले पाहिजे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात, बोर्डाने कारणे न दिल्यामुळे जवानाच्या बाजूने निकाल दिला. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या आदेशांविरुद्ध केंद्राने केलेल्या दोनशेहून अधिक याचिका एकत्रितपणे फेटाळल्या.

अपिलाची वाट आणि तिचे टप्पे

नकाराचे पत्र आल्यावर पहिले अपील लष्कराच्या अपील समितीकडे सहा महिन्यांच्या आत करायचे असते. तिथेही नकार आला, तर दुसऱ्या अपील समितीकडे पुन्हा सहा महिन्यांची मुदत असते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने आलेल्या आणि ऑगस्ट २००९ पासून सुरू झालेल्या या न्यायाधिकरणाचे महाराष्ट्रासाठीचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करता येतो. अपिलाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यानंतर थेट अर्ज करता येतो. म्हणजे समितीच्या उत्तराची वाट पाहत वर्षानुवर्षे थांबण्याची गरज नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

ज्यांचा नकार दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आहे, त्यांचीही वाट पूर्ण बंद झालेली नाही. दरमहा न मिळणारी पेन्शन हा दरमहा चालू राहणारा अन्याय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात मान्य केले. मात्र उशिरा आलेल्याला थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून उशिराने हक्क बुडत नसला तरी पैसा बुडतो. शिवाय निवृत्तीला १५ वर्षे उलटल्यानंतर पहिल्यांदाच दावा केला, तर सिद्ध करण्याचे ओझे जवानावर येते, असे २००८ चे नियम सांगतात.

अपील लिहिण्यापूर्वी एक कागद हाती असलाच पाहिजे: निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही. एएफएमएसएफ-१६ या नमुन्यात ती असते. ती नसेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवता येते; गरज पडल्यास माहिती अधिकारातही. ती हाती आली की चार गोष्टी शोधायच्या. आजार पहिल्यांदा कोणत्या तारखेला आणि कोणत्या ठिकाणी आढळला? भरतीपूर्वी आजार होता का, या प्रश्नापुढे काय लिहिले आहे? सेवेशी संबंध नाही, असे म्हणताना कारण दिले आहे की नुसता शेरा आहे? आणि ‘बळावला का’ या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे दिले आहे का? त्यानंतर नेमणुकांची यादी काढून ती आजाराच्या तारखेशी जुळवून पाहायची. आजार कळला तेव्हा जवान पुण्यात होता, पण त्याआधीची तीन वर्षे काश्मीरमध्ये होता, हे अशा यादीतूनच समोर येते. रक्तदाब आणि मधुमेह कळण्याच्या आधी कित्येक महिने शरीरात असू शकतात, हे वैद्यकीय सत्य इथे उपयोगी पडते. त्यामुळे नुसते ‘कुठे आढळला’ पाहून भागत नाही, ‘कधी सुरू झाला असेल’ हेही पाहावे लागते.

सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयातील तज्ज्ञाचे मत मेडिकल बोर्डाची जागा घेऊ शकत नाही. पण आजार किती जुना असावा, याविषयीचे तज्ज्ञाचे लेखी, सकारण मत अपिलाला जोडता येते. ‘या रुग्णाला पेन्शन मिळावी’ अशा शिफारशीला तिथे किंमत नसते; किंमत असते ती तपासण्यांच्या तारखांना आणि त्यावर आधारलेल्या निष्कर्षाला.

अडचण अंतराची आणि खर्चाची आहे. पेन्शनचा निर्णय प्रयागराजमधून, रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्याच राज्यात आणि न्यायाधिकरण वर्ध्यापासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवरच्या मुंबईत. न्यायाधिकरणात स्वतः बाजू मांडण्याची मुभा आहे, पण देवळीहून दर तारखेला ते किती जणांना जमेल? वर्ध्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा त्यातला जवळचा दुवा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी ‘वीर परिवार सहाय्यता योजना’ सुरू केली. सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा हेतू. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून ठरावीक दिवशी पेन्शनचे नियम जाणणारा वकील बसू लागला, तर या योजनेचा खरा उपयोग होईल.

एकेकट्याने का लढायचे?

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचा प्रश्न असाच होता. ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांचा रक्तदाब त्यामुळेच वाढला, हे एकेका सैनिकाला सिद्ध करता येत नव्हते. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने समूहांचे अभ्यास वर्षानुवर्षे तपासले आणि २०१८ मध्ये संबंधाचा पुरावा पुरेसा असल्याचे म्हटले. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने त्या सैनिकांचा उच्च रक्तदाब सेवेमुळेच झाल्याचे गृहीत धरले. समूहाबद्दलची शास्त्रीय खात्री कायद्यात आली आणि प्रत्येकाच्या शरीरावरचा वाद संपला.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. सियाचीन, लडाख, काश्मीर येथे सेवा केलेल्या आणि न केलेल्या जवानांच्या दशकांच्या वैद्यकीय नोंदी सैन्याकडेच आहेत. कोणत्या नेमणुकीनंतर कोणता आजार किती वाढतो, हे त्यातून काढता येईल आणि ते जाहीर करता येईल. मग सरकारला ज्या आजाराचा संबंध खरोखर नाही तो पुराव्यासह नाकारता येईल, आणि ज्याचा आहे तो देण्यासाठी जवानाला न्यायाधिकरणात उभे करावे लागणार नाही.

हे तातडीने व्हायला हवे, त्याचे आणखी एक कारण आहे. अग्निपथ योजनेतील पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होऊ लागतील. त्यांना पेन्शन नाही. अपंगत्व सेवेमुळे आले असेल तर टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे. ती मिळणार की नाही, हे ठरवणारा प्रश्न तोच: आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का? चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी परतणाऱ्या मुलाला त्याचे उत्तर एका शेऱ्यात मिळू नये.

तोपर्यंत ज्यांच्या घरात नकाराचे पत्र पडून आहे, त्यांनी ते अंतिम समजू नये. पत्रात कारण शोधावे. कारण नसेल, तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा आहे.